उजव्या कोपऱ्यातलं रफू

ते रफू होतं. डाग नव्हता, पेन्सिल घसरलेली नव्हती, आणि नववी ब मधल्या कौसर पीरसाब शेख या मुलीची चूक तर नव्हतीच नव्हती. टेबलावरून खाली लोंबणाऱ्या पांढऱ्या कापडाच्या उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, कुणीतरी कधीतरी फाटलेलं कापड धाग्यानं भरून काढलं होतं, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या टेबलासमोर बसलेल्या चित्रकारानं ते भरलेलं इमानेइतबारे रंगवलं होतं. धागा वरून, मग खालून, पुन्हा वरून. मी तिसऱ्या तासाला संगणक कक्षात मोकळा बसलो होतो. पंखा बंद होता आणि सप्टेंबरचं ऊन खिडकीतून थेट पाठीवर येत होतं. ऑनलाइन चित्रकला उपक्रमाचा अहवाल पाठवायचा होता, त्यात एक पान भरत नव्हतं, म्हणून त्या परदेशी संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं चित्र पुन्हा उघडलं होतं. माउसचं चाक बोटाखाली जरा जास्त फिरलं. चित्र एकदम अंगावर आलं, लिंबू आणि पेला बाजूला निघून गेले, आणि पडद्यावर फक्त तो कोपरा उरला. दोन महिन्यांपूर्वी हाच कोपरा कौसरनं कागदावर काढून आणला होता, आणि मी, जोतिराम आण्णा कोळेकर, कला शिक्षक, सेवा अठ्ठावीस वर्षे, तो सगळ्या वर्गासमोर खोडरबरानं पुसून टाकला होता.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला काहीच वाटलं नाही. उलट वाटलं, चला, अहवालाला फोटो मिळाला. ‘विद्यार्थी सूक्ष्म निरीक्षण करताना’ अशी ओळसुद्धा मनात तयार झाली. मग ती ओळ तशीच अडकून बसली. कौसरच्या कागदावर जे होतं ते मला आठवायला लागलं, आणि आठवत होतं ते एवढंच की मला ते आवडलं नव्हतं. कापडाच्या घडीत मध्येच एक खरबरीत चौकोन, बारीक आडव्या-उभ्या रेघांचा, जाळीसारखा. मी समजलो की पोरीनं छटा देताना गडबड केली. मी समजलो, असं म्हणतोय, पण समजायला मी क्षणभर तरी थांबलो होतो का? चित्र हातात आलं, चूक दिसली, हात खिशातल्या रबराकडं गेला. अठ्ठावीस वर्षांत हाताला डोळ्यांची गरज उरलेली नाही.

जुलैतली गोष्ट. शाळेत मोठा टच पॅनेल नुकताच बसवला होता आणि पहिल्यांदा तो चित्रकलेच्या तासाला मिळाला होता, कारण विज्ञानाच्या सरांना तो चालू करता येत नव्हता. मी ते चित्र लावलं. एक ताटली, अर्धं सोललेलं लिंबू, त्याची साल वेटोळं होऊन खाली लोंबणारी, काचेचा उंच पेला, चुरगळलेलं पांढरं कापड. पोरांनी विचारलं, लिंबू अर्धवटच का सोललं, पाहुणे आले का मध्येच. मी सकाळी वाचून आलो होतो ते सगळं सांगितलं: प्रकाश डावीकडून येतो, लिंबू म्हणजे आयुष्याची चव, पेला म्हणजे नाशवंतपणा. मला स्वतःला त्यातलं किती पटलं होतं कोण जाणे, पण बोलताना छान वाटत होतं. मग ग्रुपवर दुवा टाकला आणि गृहपाठ दिला: घरी मोबाइलवर हे चित्र मोठं करून बघा, कुठलाही एक भाग निवडा आणि पेन्सिलीनं काढून आणा. बावन्न पोरांपैकी सव्वीस जणांनी आणलं. त्यातल्या वीस जणांनी लिंबू काढलं होतं, पाच जणांनी पेला. कौसरनं कापडाचा कोपरा काढला होता.

आमच्या धंद्यात याला हात फिरवणं म्हणतात. पोरगं चित्र घेऊन टेबलाशी येतं, मास्तर पेन्सिल घेतात, दोन रेघा इकडं, दोन तिकडं, एक गडद छटा, आणि मेलेलं चित्र उठून बसतं. पोरं ‘वा’ म्हणतात. आई-बाप घरी म्हणतात, आमच्या बाळ्याच्या हातात कला आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या हजारेक पोरांच्या घरी, भिंतीवर किंवा कपाटावर, पोराच्या नावाखाली माझं चित्र लागलेलं असेल. त्या दिवशी पण मी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. म्हटलं, बघा, कापडाची घडी कशी काढतात. तो खरबरीत चौकोन आधी पुसला. पुसला जाईना, कारण तिनं रेघा दाबून काढल्या होत्या, कागदाची लव निघाली. कौसर माझ्या कोपराशी उभी होती. ती म्हणाली, “सर, तितं...” मी म्हणालो, “आधी बघ. बोलणं नंतर.” आणि सहा बी पेन्सिलनं वरून खाली तीन घड्या ओढल्या, एक रुंद, एक अरुंद, एक मधेच विरणारी. झकास जमल्या. पोरं ‘वा’ म्हणाली. नंतर मी तिला विचारलं नाही की तुला काय बोलायचं होतं, आणि ती आपणहून बोलली नाही.

आता त्या उकाड्यात बसून मला कळत होतं ते असं की कौसरची आई, सायराबानू, विजापूर वेशीच्या आतल्या गल्लीत घरीच साड्यांना फॉल-पिको लावते आणि रफू करते. दारावर पत्र्याची पाटी आहे. पोरगी लहानपणापासून त्या उंबऱ्यात बसून फाटकं कापड उजेडाकडं धरून बघते. मी दाखवलेल्या त्या परक्या, श्रीमंत, थंड देशातल्या टेबलावर तिच्या ओळखीचं काय असणार? लिंबू तिच्याही घरी असतं, पण असं कुणी अर्धं सोलून ठेवत नाही. तो पेला तिनं उभ्या आयुष्यात पाहिला नाही. त्या अख्ख्या चित्रात तिच्या घरचं एवढंच होतं. तिनं बापाच्या मोबाइलवर बोटांनी चित्र ताणत ताणत ते शोधून काढलं आणि माझ्याकडं घेऊन आली, आणि मी तेवढंच पुसलं. नेमकं तेवढंच. बाकी तिचं काहीही मी पुसलं असतं तरी चाललं असतं.

फुकट ते पौष्टिक, असं आमच्या शिक्षकखोलीत या सगळ्या प्रकाराला म्हणतात. पॅनेल फुकट, संग्रहालयं फुकट, लाखो चित्रं फुकट, नाव नोंदवायला नको की परवानगी नको. दोन वर्षांपूर्वी याच विषयाच्या जिल्हा प्रशिक्षणाला कुणीच जायला तयार नव्हतं म्हणून मला पाठवलं, आणि मी त्यात असा रमलो की पुढच्या वेळेला त्यांनी मलाच बोलायला उभं केलं. बार्शीला. साठ शिक्षक समोर, चहा-बिस्किटं झालेली, बरेच जण मोबाइलमध्ये. मी तिथं काय काय बोललो नाही. म्हणालो, आपल्या काळी पुस्तकात पोस्टाच्या तिकिटाएवढं, करड्या शाईत छापलेलं चित्र असायचं, त्यावर आपण कला शिकलो. आज चित्रकाराच्या कुंचल्याचा केस न् केस दिसतो. मुलांना झूम करू द्या, म्हणालो. तुम्ही सांगितलेलं त्यांनी बघायचं नाही, त्यांनी बघितलेलं तुम्ही ऐकायचं. टाळ्या पडल्या. हे वाक्य एका बाईंनी वहीत लिहून घेतलेलं मी स्वतः बघितलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि माझ्या बाबतीत तर ते फारच शोभतं, कारण माझा बाप खरोखरच शेळ्या-मेंढ्या हाकायचा.

आण्णांची दीडशेच्या आसपास मेंढरं होती, सांगोल्याच्या पलीकडं, माळावर. प्रत्येक मेंढी त्यांना तोंडावरून ओळखू यायची. एकदा पाण्यावर दोन कळप मिसळले, आमचा आणि बिरुदेव म्हणून एका पाहुण्याचा. मला वाटलं आता संध्याकाळपर्यंत निस्तरत बसावं लागणार. ते दोघं समोरासमोर उभे राहिले आणि बिडी संपायच्या आत, हाताच्या पंजानं नुसतं ढकलत, ही तुझी, ही माझी, करून मोकळे झाले. मी दहा वर्षांचा. मला सगळ्या मेंढ्या मेंढ्याच दिसत होत्या. आण्णा म्हणाले, “डोळ्यात माती गेलीया का रं तुझ्या? बघ की नीट.” मी बघायचो. कान, शिंग, लोकर. पुन्हा सगळं एक व्हायचं. मला त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी वहीत चित्रं काढत बसायचो. शाळेत स्पर्धा झाली तेव्हा मी कळप काढला. एक मेंढी पुस्तकातून बघून शिकलो होतो, तीच चाळीस वेळा काढली, लहान-मोठी करून. पहिला नंबर आला. घरी आणलं तर आण्णांनी चित्र दारात, उजेडाला नेलं आणि उकिडवे बसून कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं कौतुक करणार. ते एकेका मेंढीवर बोट ठेवत होते. मग म्हणाले, “कुनाची मेंढरं म्हनायची ही?” मी म्हणालो, आपलीच की. ते म्हणाले, “आपली न्हाईत बाबा.” रागानं नाही, चेष्टेनंही नाही. बघून, शोधून, खात्री करून सांगितलं. मी त्या रात्री जेवलो नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनी पाठीवर हात ठेवला आणि मला कळलं की माझी जागा कुठं आहे. ज्या जगात चाळीस सारख्या मेंढ्यांना पहिला नंबर मिळतो तिथं.

तास संपल्याची घंटा झाली तरी मी उठलो नाही. शिपाई मल्लप्पा कुलूप लावायला येऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, सर, जेवायची सुट्टी झाली की. मग मी संगणक बंद केला आणि खाली गेलो. कौसरचं ते चित्र मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या फलकावर लावलेलं आहे, जुलैपासून. मीच लावलंय. काचेच्या आत, ‘उत्कृष्ट कलाकृती’ अशा निळ्या अक्षरांखाली, तिचं नाव माझ्या सुंदर अक्षरात. रोज चार वेळा मी त्यापुढून जातो. आज थांबलो. तीन घड्या फार सफाईदार होत्या. मान वाकडी करून, ऊन काचेवरून तिरपं पडेल असा उभा राहिलो, तेव्हा घड्यांच्या खाली ते दिसलं. लव निघालेला कागद, आणि त्यात वळ. पेन्सिलीचं काळं गेलं होतं, पण तिनं दाबलेल्या रेघा कागदात तशाच रुतून होत्या. आडवी रेघ उभीच्या खालून गेलेली, पुढं तीच वरून आलेली, एकही चुकलेली नाही. मी मोजत राहिलो. तेराव्या रेघेपाशी धागा जरा ओढला गेला होता, आणि वर संगणकावर मी आत्ताच बघून आलो होतो, तिथंही तेराव्या धाग्यापाशी असाच ओढला गेलेला होता. चौदा वर्षांच्या पोरीनं तडा गेलेल्या काचेच्या मोबाइलवर ते टिपलं होतं. अठ्ठावीस वर्षं मी जिची वाट बघत होतो, असं मी स्वतःलाच सांगत आलो होतो, ती मुलगी येऊन गेली होती, आणि मी तिच्यावरून हात फिरवला होता.

बिराजदार बाई, आमच्या मुख्याध्यापिका, नेमक्या तेव्हाच बाहेर आल्या. म्हणाल्या, कोळेकर सर, आपलंच बघून आपणच खूश होताय वाटतं. त्यांना गंमत करायची होती, पण मी चपापलो, कारण ते खरंच माझंच होतं. मग त्यांनी त्या पोरीचं कौतुक केलं, किती सुधारली म्हणाल्या, आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर हेच चित्र टाका असं सुचवलं. त्या वेळी मला सांगता आलं असतं. बाई, हे चित्र काढून टाकू, मी चूक केली आहे. दोन वाक्यं. मी म्हणालो, “टाकू की.” आणि डबा खायला गेलो. शेंगाचटणी-भाकरी पुढ्यात घेऊन बसलो आणि त्यांचा एकच शब्द डोक्यात फिरत राहिला. सुधारली.

कारण ती खरंच सुधारली होती. जुलैनंतर कौसरच्या चित्रात एकही चूक नाही. आधी तिची वांगी वेडीवाकडी यायची, देठाशी काटे, एका बाजूला कीड लागलेली. आता तिचं वांगं म्हणजे वांगं, जांभळं, गुळगुळीत, उजवीकडं पांढरी चमक. चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेत आठवणीतून काढायच्या स्मरणचित्रासाठी मी पोरांना सात माणसं घोटून देतो: पाठमोरी बाई, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, वाकलेला माणूस, सायकलवाला, दोन पोरं, एक कुत्र्यासह म्हातारा. विषय बाजाराचा आला तरी तीच सात, जत्रेचा आला तरी तीच, बसस्थानकाचा आला तरी तीच, फक्त मागचं बदलायचं. कौसर ती सात माणसं माझ्यापेक्षा चांगली काढते. पूर्वी वर्गात ती सारखी खिडकीबाहेर काहीतरी बघत असायची आणि मी तिला हटकायचो. हल्ली ती माझ्या हाताकडं बघते. मी याला प्रगती म्हणत होतो. मी स्वतः तिच्या बापाला हे सांगितलं होतं.

तो बाप, पीरसाब, ऑगस्टमध्ये शाळेत आला होता, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून, पहिली पाळी संपवून, सायकल गेटाशी लावून. केसांत कापसाची पिंज. बसा म्हटलं तरी बसला नाही. त्यानं फार साधं विचारलं. पोरगीचं गणितात काही खरं नाही, घरात म्हणतात दहावी झाली की बसव आईच्या हाताखाली, पण ती चित्रं चित्रं करते, तर तुम्ही सांगा सर, तिच्यात काही आहे का. मी म्हणालो, आहे. म्हणालो, या वर्षी ग्रेड परीक्षेत ए ग्रेड आणून दाखवतो, मग तरी तिला पुढं चित्रकलेच्या कॉलेजात घाला. त्याला घरातल्या लोकांपुढं ठेवायला काहीतरी कागद हवा होता. ए ग्रेडचा कागद दाखवता येतो. ‘पोरगीला दिसतं’ असा कागद कुठलंच खातं देत नाही. तो म्हणाला, “तुमच्यावर सोडतो सर. ए आलं तर मी कुनाचं ऐकनार न्हाई.” आणि हात जोडून गेला. परीक्षा आजपासून आठ दिवसांवर आहे. तपासणारे माझ्यासारखेच असतात. मीच तर दरवर्षी तपासायला जातो, दिवसाला शेकडो कागद, एकेका चित्राला चार-पाच सेकंद. खरबरीत चौकोन दिसला की माझंही बोट सी वर जातं.

शेवटचा तास नववी ब चा. जिना चढताना मी ठरवलं की सांगायचं. काय व्हायचं ते होऊ दे, निदान वर्गात सांगायचं. बैल गेला आणि झोपा केला असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. पॅनेल चालू केला, चित्र लावलं, आणि लिंबाला ओलांडून थेट कोपऱ्यात गेलो. मोठा, अजून मोठा, सगळा पडदा त्या विणीनं भरला. काय आहे तेच पोरांना कळेना. मी सांगितलं की हे रफू आहे. सांगितलं की कौसरनं हे जुलैमध्येच बघितलं होतं आणि बरोबर काढलं होतं, आणि मला दिसलं नाही म्हणून मी ते खोडलं. ‘माझी चूक झाली’ हे तीन शब्दही मी वर्गात म्हणालो. म्हणून झाल्यावर काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. काय होईल असं वाटलं होतं, ते आता सांगता येत नाही. दिपालीनं हात वर करून विचारलं, सर, हे परीक्षेला आहे का. मी नाही म्हणालो. तिनं पेन खाली ठेवलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, आणि कौसरनं मान खाली घातली ती वर काढेना. मी नाव घेतलं तशी उभी राहिली. चेहरा लाल झालेला. “न्हाई सर, माझंच चुकलं होतं,” ती म्हणाली. तिला वाटलं होतं, दोन महिन्यांनी मी तिची ती जुनी चूक पुन्हा काढली आहे, सगळ्यांसमोर, तीही एवढी मोठी करून.

मी बाकीच्यांना भूमितीच्या आकृत्या काढायला लावल्या आणि तिला पहिल्या बाकावर, पडद्यासमोर बसवलं. नवा कागद दिला. म्हटलं, कोपरा काढ, तुला दिसतोय तसा. तिनं विचारलं, घडीचं काढू का सर. मी म्हटलं, जसा दिसतोय तसा. तिनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा पडद्याकडं, आणि काढायला लागली. मी लांब खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो, माझी सावलीसुद्धा तिच्या कागदावर पडू नये म्हणून. खाली मैदानात मल्लप्पा पाणी मारत होता. मी मनातल्या मनात कुणाकुणाला विनवत होतो, मलाच ठाऊक नाही. एक जाळी, एवढंच मागत होतो. नसेना का धड, चुकू दे, वाकडी येऊ दे, तिनं फक्त पेन्सिल त्या चौकोनावर टेकवावी. मला वाटत होतं की कागदात वळ राहिलेत तर तिच्यातही खाली अजून काहीतरी असणार. वीस मिनिटांनी तिचा हात थांबला तेव्हा मी गेलो. कागदावर तीन घड्या होत्या. एक रुंद, एक अरुंद, एक मधेच विरणारी. माझ्यापेक्षा सरस. उजव्या कोपऱ्यात कापड पांढरं, स्वच्छ, एक रेघ नाही. पडद्यावर तेच रफू भिंतभर पसरलेलं होतं, आंधळ्यालाही दिसावं एवढं.

मी तिच्या बाकाशेजारी खाली बसलो, उकिडवा. हळू विचारलं, “त्या कोपऱ्यात काय आहे, कौसर?”

“रफू हाय की सर.” ती लगेच म्हणाली, आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जुलैच्या आधीची पोरगी आली. “लई बारीक काम हाय. मी अम्मीला दाखवलं होतं मोबाइलवर. ती म्हनली, करनारीचा हात लई साफ हाय, उलट्या बाजूनं बघितलं तरी कळायचं न्हाई. तितं एक धागा वडला गेलाय बघा, तेवढाच.”

“मग काढलं का नाहीस?”

तिनं माझ्याकडं बघितलं. भीती नव्हती, तक्रार नव्हती. मला वाटतं तिला माझी थोडी काळजी वाटली, वय झालेल्या माणसाला साधी गोष्ट आठवेनाशी झाली की वाटते तशी. मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज अगदी खाली आणला.

“दिसतंय सर,” ती म्हणाली. “पन दिसतंय ते काढायचं नसतंय की.”

सगळी वाक्यं तोंडापर्यंत आली होती. बार्शीचं वाक्यसुद्धा आलं. पण आठ दिवसांवर परीक्षा होती. तिला आता सगळं उलटं सांगितलं तर परीक्षेत तिचा हात अडखळेल, चार सेकंदांत कुणीतरी सी लिहील, आणि पीरसाब आपल्या घरच्या लोकांपुढं कसला कागद धरणार? काढायचं नसतं हे ती माझ्याकडूनच शिकली होती, आणि पुढं जायला तिला आता तेच उपयोगी पडणार होतं. तिला दिसतं, ते ती आपल्यापाशी ठेवील काही दिवस. मग एक दिवस दिसणंही बंद होईल, त्रास न होता, माझं झालं तसं, आणि ती कुठल्यातरी शाळेत छान शिकवील. ती माझ्या तोंडाकडं बघत थांबली होती. उत्तर बरोबर आलं की नाही, एवढंच तिला हवं होतं.

“बरोबर,” मी म्हणालो.

तिला बरं वाटलं.